घालणाऱ्याचा उजवा

माय, तुझ्या दातांबद्दल लिहायला बसलेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, लिहायला दुसरं काय राहिलंच नाय का जगात, आणि तोंडावर पदर धरून हसली असतीस. तो पदरच नडला बघ. तुझा एकच फोटो आहे माझ्याकडं, मामाच्या लग्नातला, आणि त्यातही तू ओठ असे घट्ट मिटून उभी आहेस की जसा काही फोटोवाला दात चोरून नेणार होता.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. शहराचं नाव बदललं, आपली गल्ली रुंद झाली, आपली खोली होती तिथं मोबाइलचं दुकान आलं. नळाचं पाणी मात्र अजून तसंच, येईल तेव्हा येईल. मी पडेगावच्या पुढं दौलताबादच्या रस्त्याला एका बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर राहते. एकटीच. लग्नाचं जमलं नाही. का, ते तुला तोंडावरसुद्धा सांगता आलं नसतं, आता लिहून काय सांगू. तू गेलीस तेव्हा मी दातांच्या कॉलेजात होते आणि तू गल्लीभर सांगत फिरायचीस की आमची पोरगी दाढा उपटायला शिकतेय. त्या पोरीनं दवाखाना काही टाकला नाही, माय. कॉलेजातच शिकवायला राहिली, आणि तिथं एक वेगळंच काम तिच्या गळ्यात पडलं. आता कुणी काढून घेतो म्हटलं तरी मी ते द्यायची नाही.

काम असं. कुठं आगीत माणूस सापडतं, कुठं नाल्यात, विहिरीत, रानात नुसती हाडं मिळतात. चेहरा गेलेला असतो, बोटांचे ठसे गेलेले असतात, अंगावरचे कपडे गेलेले असतात. दात तेवढे राहतात. दाताच्या वरचं कवच म्हणजे अंगातली सगळ्यात टणक चीज, आग आणि माती दोन्ही पचवते. मग पोलीस कवटी घेऊन येतात आणि विचारतात, बाई की बाप्या, वय काय असेल, आणि मुख्य म्हणजे हा कोण. बाहेरच्या देशांत म्हणे लोकांच्या दातांचे एक्स-रे डॉक्टरांकडं जपून ठेवलेले असतात. ते काढायचे, शेजारी ठेवायचे, झालं काम. आपल्याकडं दातांच्या डॉक्टरकडं जातंय कोण? दाढ दुखली की लवंग, लवंगेनं भागलं नाही की तंबाखू, आणि अगदीच जीव जायला लागला की उपटून मोकळं. म्हणून मी घरच्यांनाच विचारत बसते. हसताना कसा दिसायचा? कुठला दात पुढं होता, कुठला तुटका होता? आणि एखादा फोटो द्या, दात दिसतील असा. इथंच घोडं पेंड खातं. आपल्या लोकांचे फोटो म्हणजे सगळे तुझ्यासारखे, साखरपुड्यातसुद्धा तोंड मिटून.

हे काम करणाऱ्या बाईजवळ लोक फार वेळ बसत नाहीत. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन जाते तेव्हा शेजारीण दोन्ही हातांनी घेते, छान झालाय म्हणते, आणि नंतर तो कुठं जातो ते मला माहीत आहे. तिचा राग येत नाही. माझ्या हातांकडं बघून तिला काय काय दिसत असेल, मला कळतं. कॉलेजातली माणसं चांगली आहेत, पण पाच वाजले की ज्याला त्याला आपापलं घर दिसायला लागतं. मी घरी येते, कुकर लावते, एका माणसाच्या कुकरची शिट्टीसुद्धा मोठ्यानं वाजल्यासारखी वाटते. आज काय झालं हे विचारायला कुणी नसतं. इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही, पण परवापासून फार वाटायला लागलंय, म्हणून तुला सांगते. तू कुठं जाणारेस उठून.

तू काज-बटणाचं काम करायचीस. गुलमंडीवरच्या एका शिंप्याच्या दुकानातून शर्टांचं गाठोडं यायचं आणि तू खोलीच्या दारात उजेडाला बसून काजं करायचीस, बटणं लावायचीस. मी तुझ्यासमोर पाटी घेऊन बसलेली. कात्री नेहमी कुठल्यातरी शर्टाखाली हरवलेली असायची, मग तू मान जरा तिरकी करायचीस आणि दोरा दातानं तोडायचीस. मी नक्कल म्हणून तसंच करायला गेले की पाठीत धपाटा. माझे गेले तर गेले, तू नको घालवू, म्हणायचीस. तुझ्या वरच्या पुढच्या एका दाताला त्या दोऱ्यानं खाच पडली होती, बारीक, सुईच्या नाकाएवढी. शेजारच्या बायकांना ती दिसली नसेल, तू पदराआड हसायचीस ना. मला दिसायची.

आणि तो दिवस. तू तापानं फणफणलेली, गोधडीत पडलेली आहेस, आणि दुकानातला माणूस संध्याकाळी गाठोडं न्यायला येणार आहे. मी ठरवते की आपण मायला मदत करायची. एकेक शर्ट समोर पसरते, बटणं उजवीकडं असतात एवढं मला पाठ आहे, म्हणून माझ्या उजव्या हाताला जी पट्टी येते तिच्यावर बटणं लावत जाते. टाके काय सुंदर घातले होते माय, अजून आठवतात. तू उठून बसलीस, एक शर्ट उचललास, आणि तुझा चेहरा उतरला. मला वाटलं आता धपाटा बसणार. पण तू तो ढगळा शर्ट माझ्याच अंगात घातलास, बाह्या पार गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या, आणि म्हणालीस, आता तुझा उजवा हात वर कर. मी केला. बटणं त्या बाजूला नव्हती. तू म्हणालीस, "शर्ट समोर ठिवून बघितलास म्हणून चुकलीस. बघणाऱ्याचा उजवा धरायचा नसतो. घालणाऱ्याचा धरायचा." मग तापातच माझ्याशेजारी बसून सगळी बटणं उसवून घेतलीस. मी रडत रडत उसवली. दुकानातला माणूस आला तेव्हा गाठोडं तयार नव्हतं आणि तो दारात उभा राहून तुला नाही नाही ते बोलला. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस, माझं नाव सांगितलं नाहीस.

पुढं कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सरांनी तेच शिकवलं. पेशंटचा उजवा तो उजवा, तुमच्या समोर बसलाय म्हणून तुमचा उजवा लिहायचा नाही. सगळा वर्ग गडबडला, मी एकटी नाही गडबडले. घरी येऊन मोठ्या ऐटीत तुला सांगितलं तर तू म्हणालीस, त्यात काय शिकवायचं. ॲप्रन तू विकतचा घेऊ दिला नव्हतास. कापड आणून स्वतः बेतलास आणि बटणं पुरुषांच्या शर्टासारखी लावलीस. मी म्हटलं अगं, मुलींच्या ॲप्रनला दुसऱ्या बाजूला असतात. "डॉक्टरचा कोट हाय," तू म्हणालीस, "बायकी बटणं कशाला?" तो ॲप्रन कधीच विरला, पण बटणं मी सांभाळून ठेवलीत. नवा ॲप्रन आणला की त्याची बटणं कापायची, बाजू बदलून काजं करून घ्यायची, आणि तुझी बटणं लावायची. पोरं हसतात मागं. हसू देत.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते. मागच्या उन्हाळ्यात फुलंब्रीच्या बाजूला एका जुन्या विहिरीतला गाळ काढत होते, त्यात माणसाची हाडं सापडली. विहिरीला कठडा नव्हता, रस्त्याच्या कडेलाच होती. डोक्याला कसला मार नव्हता. पडला असणार बिचारा अंधारात. मांडीच्या हाडाचा तुकडा डीएनएसाठी पाठवला होता, पण गाळात, पाण्यात इतकं राहिलेलं हाड, त्यातून काही निघालं नाही. मग हवालदार जबडा आणि कवटी घेऊन माझ्याकडं आले. वरच्या पुढच्या उजव्या दाताला खाच होती, आणि त्याच्या शेजारच्या दाताचा कोपरा तुटलेला. उजव्या म्हणजे त्याच्या उजव्या. खाच बघून माझा हात जरा थांबलाच. पण ती तुझ्यासारखी दोऱ्याची नव्हती, चांगली रुंद होती. बारीक खिळे दातांत धरणाऱ्या माणसाला अशी पडते. मी हवालदारांना म्हटलं, हरवलेल्यांत कुणी चांभार, सुतार, गाड्यांची कुशनं करणारा आहे का बघा. आठवडाभरात त्यांचा फोन आला. खुलताबादचा एक कुशनवाला, ट्रॅक्टरची सीट शिवायला म्हणून फुलंब्रीकडं गेला होता, तो परत आलाच नव्हता. बायको आधीच वारलेली. घरात म्हातारी आई आणि शाळेत जाणारी मुलगी. हवालदार म्हणाले, "मॅडम, हाय का नाय येवढंच सांगा. नसंल तर बेवारस म्हणून लावून टाकतो."

दोघी आल्या. म्हातारी बारकी, काळा बुरखा, नकाब वर केलेला, पायांत प्लास्टिकच्या चपला, आणि नात तिचा हात धरून. मी माझं नेहमीचं विचारायला लागले तर म्हातारीनं मला मध्येच थांबवलं. मुलगा गेल्यापासून ती दाराला आतून कडी लावत नव्हती. कुणी म्हणायचं आहे, कुणी म्हणायचं नाही, कुणी स्वप्नात दिसला म्हणायचं. ती मला म्हणाली, "बाई, हौ बोलो नहीं तो नहीं बोलो. बीच में नको रखो मेरेकू." मी म्हटलं प्रयत्न करते. त्याचा दात तुटलेला होता का? होता, लहानपणी दर्ग्याच्या पायऱ्यांवर पडला होता. कुठला? म्हातारीनं आपला ओठ वर केला आणि आपल्याच दाताला बोट लावून दाखवलं. डावा. मग नातीनं मोबाइलमधला फोटो दाखवला. ईदच्या दिवशीचा, अंगात नवा शर्ट, मुलीचं डोकं छातीशी धरलेलं, आणि गडी काय हसतोय, माय, सगळे दात बाहेर. असा फोटो मला वर्षावर्षांत मिळत नाही. त्यात खाच होती, तुटका कोपरा होता, आणि दोन्ही डावीकडं, त्याच्या डावीकडं.

मी फोटो मोठा करून बघितला. पण म्हातारी माझ्या तोंडाकडंच बघत होती, तिनं ओळखलं. खाच काय, एका धंद्यातल्या दहा जणांना पडते. तुटके कोपरेही गल्लोगल्ली असतात. पण उजव्याचा डावा होत नाही. माणूस वेगळा असला पाहिजे, असं माझ्याही मनात आलं होतं आणि ते तोंडावर दिसलं असणार. "नहीं है ना वो?" तिनं विचारलं. मी म्हटलं, अजून बघायचंय, एवढ्यात काही धरू नका. पण ती उठलीच होती. खुर्चीच्या हाताला धरून उभी राहिली आणि वर बघून काहीतरी पुटपुटली, मग माझे दोन्ही हात धरले आणि तिच्या कपाळाला लावले. माझ्या हातांना कुणी असं आपण होऊन किती वर्षांनी धरलं होतं, मला सांगता येणार नाही. नातीला म्हणाली, चल, तेरे अब्बा आएँगे. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मनात मात्र खुट्ट झालं होतं. दोन-तीन दिवस मी नातीकडून घेतलेला तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये उघडून बघायचे आणि बंद करायचे. मग एका सकाळी कॉलेजात, हात धुऊन बेसिनवरच्या आरशासमोर मी ॲप्रन घालत होते. वरचं बटण लावलं आणि सहज आरशात बघितलं. आरशातल्या बाईचा ॲप्रन बायकी बटणांचा होता. उजवी पट्टी वर, डावी खाली. मी माझ्या अंगावर हात फिरवून बघितला. माझी बटणं जिथल्या तिथं होती, तू लावलीस तिथंच. मी तशीच, ओल्या हातांनी, मोबाइल काढला. फोटोत पोरीचं डोकं खिशावर होतं, शर्ट फार दिसत नव्हता, गळ्याशी दोन बटणं तेवढी दिसत होती. पुरुषाचा शर्ट, नवा कोरा, आणि बटणं बायकी बाजूला.

मी हे पोरांना दरवर्षी शिकवते, माय. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं स्वतःचा फोटो काढला की काही मोबाइल तो आरशासारखा उलटाच ठेवून देतात, म्हणून फोटो कुणी काढला ते आधी विचारा. मी विचारलं नव्हतं, कारण म्हातारीनं आपल्या हातानं तोच दात दाखवला होता. दोन साक्षी जुळल्या म्हटल्यावर मी निवांत. म्हातारीनं बरोबरच दाखवलं होतं तिच्या हिशेबानं. समोरून जन्मभर बघितलेला दात, तो जसा दिसायचा तसाच तिनं स्वतःवर दाखवला, आरशात दाखवावा तसा. मी नातीला फोन करून विचारलं, फोटो कुणी काढला होता गं? ती म्हणाली, अब्बांनीच, दादीच्या कपाटावर मोबाइल टेकवून ठेवला, स्क्रीन आमच्याकडं करून, आणि पळत येऊन उभे राहिले. मी तिला बरं म्हटलं आणि कॉम्प्युटरवर तो फोटो फिरवला. मग कवटी त्याच कोनात ठेवून तिचा फोटो काढला आणि दोन्ही एकावर एक ठेवले. खाचेवर खाच बसली. तुटक्या कोपऱ्यावर कोपरा बसला. खालचा एक सुळा जरा वळलेला होता, तोही बसला.

असं जुळलं की मला खरं तर बरं वाटतं. आजवर प्रत्येक वेळी वाटलंय, लपवून काय करू. एक माणूस बिननावाचा होता, त्याला नाव मिळालं. या वेळी मी खुर्चीत नुसती बसून राहिले. म्हातारी माझ्या खोलीतून जिवंत मुलगा घेऊन गेली होती आणि आता तो मला तिच्याकडून परत घ्यायचा होता. एका फोटोवर मी शिक्का मारत नाही, म्हणून जबड्यातली एक न किडलेली दाढ काढून पुन्हा डीएनएसाठी पाठवायला सांगितली. जुळवायला म्हातारीचं रक्त पोलिसांनी तिला माझ्याकडं आणण्याआधीच घेऊन ठेवलं होतं. दाढेच्या आत, गाभ्यात, कधीकधी जे हाडात राहत नाही ते राहतं. त्याला बरेच आठवडे लागले. मधे एकदा नातीचा फोन आला. दादी विचारतेय, दुसरीकडं कुठं पत्ता लागला का. मी म्हटलं, बघतोय बाळ. मग रिपोर्ट आला. तोच होता.

हवालदार म्हणाले, फोन करून कळवतो. मी म्हटलं, मी येते. खुलताबादच्या वेशीतून आत गेलं की डाव्या हाताला त्यांची गल्ली, दोन खोल्या, पुढं कुशनचा फोम अजून तसाच रचून ठेवलेला, त्यावर धूळ. म्हातारीनं मला बघितलं आणि ती काही विचारण्याच्या भानगडीत पडली नाही. खाली बसली. मीही तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. फोटो उलटा होता तेही सांगितलं. तिनं विचारलं, कौनसा दाँत था? मी ओठ वर करून माझ्या उजव्या दाताला बोट लावलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग आपला हात उचलून आपल्या डाव्या दाताला लावला, जिथं तिनं तेव्हा दाखवलं होतं. तिचं बोट आणि माझं बोट बरोबर समोरासमोर आलं. "मैं तो सामने से देखी उसकू," ती म्हणाली. "हमेशा सामने से." मग बराच वेळ ती रडली, आवाज न करता, आणि नात तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. शेवटी ओढणीच्या टोकानं डोळे पुसून म्हणाली, "लाओ फिर उसकू घर."

कागदपत्रं होऊन त्याला आणायला आणखी काही दिवस गेले. मिट्टीच्या, म्हणजे दफनाच्या दिवशी मला जायचं कारण नव्हतं, तरी मी गेले. पुरुषमाणसं जनाजा घेऊन कबरस्तानाकडं गेली. बायका जात नाहीत, आपल्यासारखंच. आतल्या खोलीत शेजारच्या बायका कुराण वाचत होत्या. म्हातारी बाहेरच्या खोलीत फोमच्या ढिगाला टेकून बसली होती, तिनं मला शेजारी बसवलं. कुणीतरी चहा आणून दिला. बशीत ओतलेला चहा तिनं आधी माझ्यापुढं केला, माझ्या हातांकडं बघून ती जरासुद्धा बिचकली नाही. मग तिनं विचारलं, तुमची अम्मा आहे का? मी म्हटलं नाही, लई वर्षं झाली. काय करायची? काज-बटण. ती हं म्हणाली, मान हलवली, तिला ते काम माहीत होतं. म्हणाली, मग दोरा दातानं तोडत असेल. मी म्हटलं हो, खाच पडली होती. आणि तिनं अगदी सहज, बोलायचं म्हणून, विचारलं, "किधर? कौनसी बाजू?"

मी दात दाखवायला तोंड उघडलं, माय. हात उचलला होता तो तसाच खाली घेतला. तिला वाटलं मला रडू येतंय, तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी चहा पिऊन टाकला. तेवढ्यात माणसं परत आली आणि ती उठून दाराकडं गेली.

तेव्हापासून मी तेच आठवत बसलेय. डोळ्यांसमोर तुझी खाच अगदी स्पष्ट येते, माझ्या उजव्या हाताच्या बाजूला. पण कुठून बघितलेली? दारात तू शिवत होतीस आणि मी पाटी घेऊन समोर बसले होते, तेव्हाची असेल तर ती तुझ्या डाव्या दाताला होती. पण सकाळी तू माझी वेणी घालायचीस, मला आरशासमोर बसवून स्वतः मागं उभी राहायचीस, रिबीन दातांत धरायचीस, आणि मी आरशातून तुझ्याकडं बघायचे. तेव्हाची असेल तर उजव्या. दोन्ही आठवणी येतात, दोन्हींत खाच एकाच जागी, आणि दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत. तुझ्या अस्थींचं मडकं मामानं माझ्या मांडीवर दिलं होतं, पैठणपर्यंत जीपमध्ये ते मीच धरून बसले होते. दात आगीत राहतात हे मला तेव्हा पुस्तकातून माहीत झालं होतं. वरचं फडकं सोडावं असं वाटलं आणि मी सोडलं नाही, पोरगी होते, भ्यायले. ते सगळं गोदावरीत गेलं.

काल ॲप्रनचं एक बटण सैल झालं होतं, ते लावलं, आणि कात्री सापडेना म्हणून दोरा दातानं तोडला. हल्ली असंच करते. मग आरशात जाऊन बघितलं तर माझ्याही दाताला किंचित खाच पडायला लागलीय. उजव्या दाताला, माझ्या उजव्या. शिकले तुझ्याकडूनच. पण समोर बसून शिकले की आरशात बघून, तेच तर कळत नाही. इतकी वर्षं लोकांना विचारत आले, तुमच्या माणसाची खूण सांगा, आणि ते गप्प राहिले की मनातल्या मनात चिडत आले. माझी खूण उद्या कुणाला विचारायची झाली तर पोलिसांना माणूस मिळायचा नाही, ते एक असो. तुझी तरी मला सांगता यायला पाहिजे होती, माय. येत नाही.